पापणीचा भरवसा

मेमरी कार्डाच्या पाकिटावर जो आकडा मोठ्या अक्षरात छापलेला असतो, त्याच्यावर विश्वास ठेवायचा नसतो. हे मला मुनीरभाईंनी शिकवलं. कॅमेऱ्यातलं मला ओ की ठो कळत नाही, पण कुणी कार्ड घ्यायला निघालं की मी तोंड घालतेच. ‘अहो, तो वाचायचा वेग आहे. लिहायचा किती ते मागच्या बाजूला बारीक अक्षरात बघा.’ दुकानदार माझ्याकडे बघतो, ही बाई कुठून आली मध्येच! अर्धापूरची आहे म्हणावं, केळीच्या गावची. पण उमेदीची सगळी वर्षं लातूरला मुनीरभाई फोटोवाल्यांच्या शेजारी काढलीत.

मागच्या महिन्यात त्यांच्या मुलीचा, रुखसानाचा, फोन आला. मुनीरभाई गेले. मला ते ताई म्हणायचे, म्हणून ही मला फुप्पी म्हणते. बराच वेळ दोघी रडलो. मग ती म्हणाली, ‘फुप्पी, अब्बांचा एखादा नीट फोटो हाय का तुमच्याकडं? आमच्याकडं एक बी न्हाई.’

‘अगं, जन्मभर दुसऱ्यांचे फोटो काढले त्या माणसानं, आणि त्याचा एक नाही?’

‘हायत की. पण सगळ्यांत हललेत.’

मी जुना कॉम्प्युटर उघडून बसले. खरंच की! एका फोटोत हात धुरकट, एकात चेहरा ओढल्यासारखा, एकात नुसती पाठ, तीही दाराबाहेर निघालेली. हा माणूस कधी एका जागी थांबलाच नाही तर कॅमेरा तरी काय करणार? फोटो काही सापडला नाही. म्हणून हे लिहायला बसले.

आमची दुकानं भिंतीला भिंत लागून होती. माझं टायपिंग आणि फ्लेक्सच्या डिझाइनचं, त्यांचं फोटोचं. दालमिलचं गाव बघता बघता क्लासचं गाव झालं, तो हा काळ. गल्लीगल्लीत मेस, होस्टेल, सायकलींचे ढीग, आणि चौकाचौकात गुणवंत पोरांचे हे भले मोठे चेहरे. ते चेहरे मुनीरभाई काढायचे आणि मी त्यांच्याखाली मार्क टाकायची. निकाल लागला की आम्हाला जेवायला सवड नसायची. मुनीरभाईंना एरवीही नसायचीच.

हा माणूस बसायचा नाही. म्हणजे बसायचाच नाही! स्टुडिओत एक फिरतं स्टूल होतं, ते गिऱ्हाइकाचं. चहा माझ्या दुकानात सुरू करायचे आणि रिकामा कप पानपट्टीवर ठेवून यायचे. कप आणायला मी जायची. बोलता बोलता माझ्या टेबलावरचे कागद रचतील, पंखा बंद करतील, परत लावतील, दारात जाऊन रस्त्याला काय चाललंय ते बघून येतील. बघणाऱ्याचाच जीव दमायचा. मी म्हणायची, ‘मुनीरभाई, जरा बूड टेका की.’

‘बसतो की ताई. काम झालं की बसतो.’

कसलं काम ते सांगायचे नाहीत, आणि ते कधी व्हायचंही नाही.

लग्नात बाकीचे फोटोवाले ‘हसा’ म्हणतात. हे ओरडायचे, ‘डोळे! डोळे!’ एका लग्नात नवरदेवाचा आजोबा दचकून म्हणाला, ‘हायत की बाबा, दोन्ही बी हायत!’ सगळा मांडव हसला, मुनीरभाई सोडून. आजोबांचे डोळे नीट उघडे येईपर्यंत ते पुढं सरकले नाहीत. पंगत खोळंबली, आचारी बोंबलायला लागला, तरी नाही. मी रागावले तर म्हणाले, ‘माणसाचा भरवसा धरावा ताई एक वेळ. पापणीचा न्हाई धरू.’

दुसरी खोड म्हणजे, जे काही असेल ते दोन घरांत पाहिजे. किल्लीची जोडी, घराच्या कागदांची झेरॉक्स, चष्मा, सगळं. काढलेला प्रत्येक फोटो, आधी निगेटिव्ह आणि पुढं सीडी, एक स्टुडिओत आणि एक नांदेडला बहिणीकडं. एसटीनं स्वतः नेऊन द्यायचे. त्यांचे मेहुणे वैतागून म्हणायचे, ‘अख्ख्या लातूरची लग्नं माझ्या कपाटात, आणि माझे सदरे खुंटीवर!’ एवढंच कशाला, त्यांच्या बायकोनं, नसीमभाभींनी, लोणचं घातलं की एक बरणी माझ्या घरी यायची. खायला नाही, ठेवायला. ‘एक घर पडलं तर दुसऱ्यात असावं.’

मी आपली फटकळ. म्हटलं, ‘घर पडल्यावर लोणचं आठवणार आहे का कुणाला?’

मुनीरभाईंनी बरणी माझ्या हातात दिली. मग म्हणाले, ‘आठवतं ताई. तेच आठवतं.’

माझ्या जिभेला हाड नाही ते त्या दिवशी मलाच कळलं. बरणी सांभाळली मी. अर्धी खाल्ली, खोटं कशाला बोलू, पण अर्धी सांभाळली.

भूकंपाचं त्यांनी मला कधी एका दमात सांगितलं नाही. माझ्या दुकानात येरझाऱ्या घालत, तुकड्या-तुकड्यानं सांगितलं. तेव्हा ते तरणे होते, औसा-निलंग्याकडच्या खेड्यांतली लग्नं करायचे. रोल जपून वापरायचा तो जमाना. एका पोजला एकच फोटो काढायचा, हा धंद्याचा नियम. मग ती पहाट आली आणि गावंच्या गावं बसली. माणसं गेली, घरं गेली आणि घरांबरोबर भिंतीवरचे फोटोही गेले. थोड्या दिवसांनी मागं राहिलेले लोक स्टुडिओत यायला लागले. कुणाला बाप पाहिजे, कुणाला बायको, कुणाला लेकरू. मुनीरभाई जुन्या निगेटिव्हमधून माणसं शोधून द्यायचे. पंगतीच्या फोटोत मागं कोपऱ्यात पत्रावळीवर वाकलेला असायचा कुणीतरी, तेवढाच तुकडा मोठा करायचे. नाक कुठं, डोळा कुठं, काही कळायचं नाही. तरी लोक तो तुकडा छातीशी धरून घेऊन जायचे.

त्यांच्यात गंगाक्का आली. कडेवर वर्षाची नात. लेक संगीता आणि जावई दोघंही गेले होते. नात तेवढी आजोळी होती म्हणून वाचली. संगीताच्या लग्नात मुनीरभाईंनी मायलेकींचा फोटो काढलेला होता. गंगाक्का लेकीला पेढा भरवतेय, असा. नियमाप्रमाणे एकच काढलेला, आणि त्यात संगीताचे डोळे मिटलेले. बाकी सगळ्या फोटोंत एक तर तोंडावर मुंडावळ्या, नाहीतर मान खाली. आक्कानं तो फोटो हातात घेतला, उजेडाला धरला.

‘झोपल्यावानी दिसायली रे. डोळे उघडे असलेला न्हाई का एखादा?’

‘न्हाई आक्का.’

‘बरं. असू दे.’

‘असू दे म्हनली, ताई,’ मुनीरभाई मला सांगायचे आणि दारापर्यंत जाऊन परत यायचे. ‘चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. असू दे म्हनली आन् गेली.’

तेव्हापासून या माणसाच्या बुडाखाली विंचू. मला ते ऐकल्यावर कळलं. मग मी बसा म्हणणं सोडून दिलं.

ती कडेवरची नात म्हणजे शिवलीला. दहावीनंतर ती लातूरला क्लासला आली आणि तिला रांधून घालायला गंगाक्काही आली. आमच्याच मागच्या गल्लीत दोघींनी खोली केली. फॉर्मला लावायचा फोटो काढायला त्या स्टुडिओत आल्या, तेव्हा मी तिथंच होते. मुनीरभाईंनी फ्लॅश उडवला, पोरीचे डोळे बंद. परत उडवला, परत बंद. आईवरच गेली होती की! प्रकाश पडायच्या आधी हिची पापणी खाली. शेवटी तिला दारातल्या उजेडात उभं करून कसाबसा एक काढला. फॉर्मला चालला. मुनीरभाईंना चालला नाही.

‘आक्का, दोघींचा एक काढू द्या,’ ते म्हणाले.

गंगाक्का म्हणाली, ‘आत्ता नको. पोरीचा डॉक्टरकीला नंबर लागू दे. मी पेढा भरवीन तवा काढ. तसाच काढ, तिच्या मायचा काढला होतास तसा.’ आणि जाता जाता हळूच म्हणाली, ‘डोळे तेवढे बघ.’

झालं! त्या दिवसापासून मुनीरभाईंना दुसरं काही सुचेना. पोरगी अभ्यास करायची आणि हे तयारी करायचे. हैदराबादहून वापरलेला पण भारी कॅमेरा आणला. बटण दाबून धरलं की कटकटकट सुरू, पापणी खाली जाऊन वर येईपर्यंत दहा वेळा टिपेल असा. आमची सगळी गल्ली टिपून झाली. पण कॅमेऱ्याला एक रोग निघाला. थोडा वेळ कटकट चालायचं आणि मग ऐन रंगात आल्यावर गप्प. नुसता लाल दिवा लुकलुकत राहायचा. काढलेले फोटो कार्डावर उतरेपर्यंत तो पुढचे घेईना. मुनीरभाई म्हणाले, ‘आडतीवर मालाच्या गाड्या लागल्यात आन् हमाल एकच हाय, असं झालंय बघा. हमाल तगडा पाहिजे.’

तगडा हमाल आणायला आम्ही नांदेडला गेलो. म्हणजे मी माहेरी निघाले होते आणि ते बहिणीकडं सीड्या पोचवायला. एसटीत जागा असून हा माणूस दारापाशी उभा! कंडक्टर दोनदा खेकसला, ‘ओ चाचा, सीट काय चावतंय का?’ उभ्यानंच नांदेड गाठलं.

तिथं एका सरदारजींचं कॅमेऱ्याचं दुकान होतं. त्यांनी काचेवर कार्डं मांडली. ‘हे घ्या मुनीरभाई. याच्यापेक्षा फास्ट अख्ख्या नांदेडात न्हाई.’

मुनीरभाईंनी पाकीट उलटं केलं. ‘हा वाचायचा वेग झाला. लिवायचा कुठंय?’

‘सारखंच हाय हो.’

‘सारखं कसं? आमच्या लातूरची पोरं बघा. वाचायला सगळीच फास्ट. नंबर लिवण्यावर लागतो.’

मग म्हणाले, लावून बघतो. सरदारजी चांगला माणूस, हो म्हणाला. पण कशावर बघणार? तर माझ्यावर! ‘ताई, जरा उन्हात उभ्या राहा. पापणी मिटा, उघडा. मिटा, उघडा. थांबू नका.’ भर बाजारात दुकानाच्या पायरीवर मी डोळे मिचकावत उभी, आणि समोर हा माणूस वाकून कटकटकट करतोय. माणसं जमली. एक म्हातारी विचारते, ‘काय झालं हो बाईला?’ कुणीतरी सांगितलं, डोळ्यात काहीतरी गेलंय. म्हातारीनं पदराचं टोक ओलं करून आणलं! मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

आणि एवढं करून निकाल काय? कार्ड साधं घाला नाहीतर भारी घाला, कॅमेरा तिथंच येऊन अडायचा. सरदारजींची इज्जत पणाला लागली. त्यांनी कॅमेरा हातात घेतला, बाजूचं झाकण उघडलं आणि हसले. आत दोन कप्पे होते. मोठ्यात नवं कार्ड, आणि छोट्यात मुनीरभाईंचं जुनं छोटं कार्ड. प्रत्येक फोटो दोन्हीकडं उतरेल असं त्यांनी लावून ठेवलेलं होतं.

‘छोटं कार्ड सावकाश लिवतंय, म्हणून मोठ्याला थांबावं लागतंय,’ सरदारजी म्हणाले. ‘छोटं काढून टाका. मग बघा कसा पळतो.’

‘ते न्हाई काढायचं.’

‘मग छोटं बी फास्ट घ्या.’

‘फास्ट घालून बघितलं. तो कप्पाच हळू हाय.’

‘अहो मग वेग कशाला मागायलाव?’

मुनीरभाईंनी खिशातून पैसे काढले. मोठं कार्ड घेतलं, छोटं आत तसंच राहू दिलं, झाकण लावलं. बाहेर आल्यावर मी सुनावलंच. ‘एक काहीतरी धरा. निसटू द्यायचं नाही म्हणता आणि हरवूही द्यायचं नाही म्हणता. दोन्ही एकदम कसं व्हायचं?’

ते रस्त्यात थांबले, म्हणजे एका पायावरून दुसऱ्या पायावर झाले. ‘ताई, निसटलेला बी गेला आन् हरवलेला बी गेला. मी दोन्ही बघितलेत. आता तुम्हीच सांगा, कंचा सोडू?’

 मी अर्धापूरची गाडी पकडली.

शिवलीलाचा नंबर लागला. बातमी आली तेव्हा मुनीरभाई गल्लीत या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसते चालत होते. क्लासवाल्या सरांनी मोठा हॉल घेऊन सत्कार ठेवला. सरांना फ्लेक्सवर ‘भूकंपातून वाचलेली कन्या’ असं पाहिजे होतं. शिवलीला माझ्या दुकानात आली आणि म्हणाली, ‘काकू, भूकंप नका टाकू. नुसतं नाव टाका.’ मी नुसतं नाव टाकलं. सर काय बोलायचे ते बोलले.

त्यानंतर लवकरच आम्ही नांदेडला राहायला आलो आणि मुनीरभाईंशी पुढं फोनवरच बोलणं राहिलं. त्यामुळे माझ्या मनात ते आहेत ते त्या सत्काराच्या सकाळचे.

सरांनी त्यांना बजावलं होतं, पाहुण्यांच्या हातून स्मृतिचिन्ह घेतानाचा फोटो चुकता कामा नये. मुनीरभाई हो हो म्हणाले, पण त्यांचं लक्ष ताटातल्या पेढ्यांवर. मी पुढच्या रांगेत होते. नावं पुकारायला लागली. शिवलीलाच्या आधीच्या मुलाचं नाव झालं तसे ते माझ्याकडं आले, कॅमेऱ्याचं झाकण उघडलं, छोटं कार्ड काढलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं.

‘धरा ताई.’

‘अहो, आणि दुसरी प्रत?’

‘आज न्हाई. आज अल्लाच्या भरवशावर.’

गंगाक्का स्टेजवर चढली. नवं इरकल नेसलेली, डोक्यावर पदर. तिनं पेढा उचलला, तो नातीच्या तोंडापाशी नेला, आणि पोरीला रडू फुटलं. डोळे गच्च मिटले तिनं. मी म्हटलं, गेलं आता सगळं! मुनीरभाई एरवी ओरडले असते, ‘डोळे!’ त्या दिवशी नाही ओरडले. बटण दाबून धरलं होतं आणि कटकटकटकट चाललं होतं. मी ते कधी अडतंय म्हणून कान देऊन ऐकत होते. अडलं नाही. शिवलीलानं डोळे उघडले, आजीकडं बघितलं, तरी चालूच होतं. पेढा खाऊन झाला, दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या, तेव्हा कुठं मुनीरभाईंनी बोट उचललं.

आणि सुटले की हो तिथून! पाहुणे स्मृतिचिन्ह धरून, हसू तयार करून उभे, आणि फोटोग्राफर पायऱ्या उतरून दाराकडं. मी मागं धावले. ‘कुठं चाललात?’ तर म्हणे, ‘घरी. हे उतरवून येतो. एकच हाय ताई, जगात एकच हाय हे आत्ता.’ कॅमेरा दोन्ही हातांनी पोटाशी धरला होता. तोवर गंगाक्काही स्टेजवरून उतरून आमच्या मागं आली होती. हॉलच्या बाहेरच्या पायरीवर तिनं त्यांची बाही धरली.

‘दाव.’

‘आक्का, आधी घरी जाऊन...’

‘दाव म्हनते ना!’ आणि ती पायरीवर बसलीच. तिला दिसावं म्हणून त्यांना वाकावं लागलं. त्यांनी कॅमेऱ्याचा मागचा छोटा स्क्रीन लावला. पहिला फोटो आला. तोंडाशी पेढा, डोळे मिटलेले.

‘ही तर संगी,’ आक्का म्हणाली.

त्यांनी बटण दाबलं. तोच चेहरा, पापणी किंचित वर. परत दाबलं, आणखी थोडी वर. परत दाबलं. डोळे उघडे, भरलेले, थेट आक्काकडं बघणारे.

आक्कानं पदर तोंडाला लावला. ‘आगं बया! जागी झाली की रे!’

मी तोंड फिरवलं. माझ्यानं बघवेना.

‘परत दाव,’ आक्का म्हणाली. त्यांनी मागं नेलं. लेक झोपली. पुढं आणलं. लेक जागी झाली. ‘अजून एकदा.’ झोपली, जागी झाली. आत माईकवरून सर ओरडत होते, ‘फोटोग्राफर! फोटोग्राफर कुठं गेले?’ मी म्हटलं आता हे उठून पळणार, घरी नाहीतर स्टेजवर. मुनीरभाईंनी एकदा आत बघितलं. मग गंगाक्काच्या शेजारी पायरीवर बसले.

‘मुनीरभाई,’ मी म्हटलं, ‘बसलात की!’

‘हाव,’ ते म्हणाले. ‘झालं ताई काम.’

मग आक्कानं बटण स्वतःच्या बोटानं दाबायला घेतलं. त्यांनी दाबू दिलं. सर बाहेर येऊन चिडून गेले, पाहुण्यांची गाडी गेली, पोरं पेढे खात पांगली. हे आपले बसूनच. पाय नाही हलला, हात नाही हलला. मी छोटं कार्ड मुठीत धरून तिथंच उभी होते.

आता रुखसानाला मी काय सांगू? बाई गं, तुझे अब्बा एकदा अगदी नीट, जराही न हलता बसले होते, मी या डोळ्यांनी बघितलंय. पण फोटो कुठून आणू? कॅमेरा त्यांच्याच मांडीवर होता.